पुरुषाच्या दुखण्याला लाज कसली?

जळगाव-धुळे रस्त्यावर ट्रक चालविणारे आमचे एक बांधव गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. वय बेचाळीस. आधी नुसते "थकवा आहे" म्हणाले. चारचौघे उठून गेल्यावर खरे बोलले. वर्षभरापासून पत्नीजवळ जाण्याची इच्छाच उरली नव्हती. वहिनींना वाटे, यांचे बाहेर कुठे तरी आहे. यांनी एस. टी. स्टँडजवळच्या तंबूतल्या वैद्याला दोन हजार रुपये दिले, घरी मात्र तोंड उघडले नाही.

वाचकहो, पुरुषाच्या अंडकोषात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. ते फार कमी झाले की इच्छा मंदावते, पहाटेची ताठरता थांबते, दाढी व अंगावरचे केस विरळ होतात, स्तन वाढतात, कधी मूल राहत नाही. मधुमेह, वाढलेले वजन, दारूने बिघडलेले यकृत, वयात आल्यावर झालेले गालगुंड, अंडकोषाला लागलेला मार अशी त्याची कारणे आहेत. नुसता थकवा मात्र रक्तक्षय, थायरॉइड, क्षयरोग किंवा मनाच्या उदासीनेही येतो. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी.

सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त द्यावे. कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे. दोन्ही वेळा डेसिलिटरला साधारण ३०० नॅनोग्रॅमहून कमी आले आणि लक्षणेही असली, तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. मनाने इंजेक्शन घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास शुक्रजंतू घटतात. ज्यांना मूल हवे आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

"ताकद वाढवा" अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. कारण आपण गप्प बसतो. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला; पण असे प्रश्न विचारण्यात पाप नाही, हे बाबासाहेबांनी कोर्टात उभे राहून सांगितले. मग आपण दवाखान्यात का लाजावे?

आमच्या त्या बांधवांना वाढलेली साखर निघाली, टेस्टोस्टेरॉनही दोन्ही वेळा कमी आले. उपचार चालू आहेत. कागद वहिनींनीही पाहिला, घरातला संशय गेला. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसपेपर काढा, जोडीदाराला सोबत न्या आणि मोकळेपणाने बोला.