चार दरवाजे आणि पाचवा माणूस

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, अहिल्याबाईंच्या नावाने हात जोडतो आणि गंगेची गडू घेऊन परत फिरतो. पण केदार घाटाकडून दशाश्वमेधाकडे नावेतून येताना, नारद घाटाच्या पुढे, एक भक्कम दगडी घाट लागतो. त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आज त्याला राजा घाट म्हणतात. जुने नाव अमृतराव घाट.

हे अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावाचे थोरले भाऊ. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले आणि बाजीराव पळाला, तेव्हा पुण्याचा कारभार काही काळ यांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजांशी करार केला, वर्षाला सात लाखांची नेमणूक घेतली आणि नंतर काशीची वाट धरली. १८२४ साली ते वारले. राज्य गेले, पण दानधर्म सुटला नाही. काशीत त्यांचे नाव झाले ते दानशूर म्हणूनच.

त्याच १८२४ साली कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर काशीला आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या दानाची हकीकत लिहून ठेवली आहे. वर्षातून एका सणाच्या दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, अमृतराव मागायला येणाऱ्याला एक थाळी भात आणि एक रुपया देत. शहराबाहेर त्यांची मोठी बाग होती. बागेला चार दरवाजे. तीन दरवाजे वेगवेगळ्या वर्गांतल्या मागणाऱ्यांसाठी, चौथा खुद्द त्यांच्यासाठी आणि नोकरचाकरांसाठी. दान मिळाले की माणसाला बागेत बसवून ठेवत, म्हणजे तो पुन्हा रांगेत येऊ नये. आत सावली होती, पाणी होते. खर्च पन्नास हजारांच्या वर जाई, असे लोक सांगत.

वाचून छाती भरून येते. परमुलखात आपला एक मराठी माणूस एवढा उदार! मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा असाच हरखलो. मग ती हकीकत पुन्हा वाचली. दान कुणाला मिळत होते? प्रत्येक ब्राह्मणाला, आणि आंधळ्या-पांगळ्याला. म्हणजे धडधाकट, उपाशी आणि ब्राह्मण नसलेला माणूस? घाटाचे दगड वाहणारा, चितेची लाकडे फोडणारा, मैला उचलणारा? हेबरच्या हकिकतीत त्याचा दरवाजा कुठेच नाही. तो पाचवा माणूस.

अमृतरावांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या काळची रीत तीच होती, आणि त्या रीतीत राहूनही त्यांनी हात सैल सोडला. पण वार्ताहराचे काम तिथूनच सुरू होते. मी या धंद्यात नवा असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बजावले होते, “सभेला कोण कोण आलं ते सगळेच लिहितात. कोण आलं नाही, ते तू लिही.”

मी मान डोलावली आणि विसरून गेलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका गावात नव्या नळयोजनेचे उद्घाटन झाले. मी झोकात बातमी दिली. फोटो, भाषणे, फुलांनी सजवलेली तोटी, सगळे आले. दुसऱ्या दिवशी एक वयस्क बाई तो अंक हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ती रागावली नव्हती. म्हणाली, “भाऊ, तुम्ही लिवलंय त्ये खरं हाय. पर आमची गल्ली कुठं हाय त्यात?” मी तिच्याबरोबर गेलो. पाइप वस्तीच्या तोंडापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. माझ्या बातमीत एकही शब्द खोटा नव्हता, तरी बातमी खोटी होती. ती बाई मी आजतागायत विसरलेलो नाही.

आकडे कुणाचे?

विषमतेचा शोध घेणारा पत्रकार कसे काम करतो, याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही अमेरिकेतली आहेत, पण आपल्याला परकी वाटू नयेत.

पहिली आयडा वेल्स. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेली ही कृष्णवर्णीय तरुणी मेंफिस शहरात वृत्तपत्र चालवत होती. १८९२ च्या मार्चमध्ये त्या शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार मारले. त्यातला एक तिचा मित्र होता. अशा प्रत्येक हत्येनंतर गोऱ्यांचे एकच पालुपद असे की, मेलेल्याने कुणा बाईची अब्रू घेतली होती. आयडाने प्रकरणामागून प्रकरण तपासले आणि बहुतेक ठिकाणी तसा आरोपसुद्धा नव्हता, हे दाखवून दिले. आकडे तिने घेतले ते गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून! म्हणजे खोटे म्हणायची सोय नाही. मे महिन्यात जमावाने तिचे कार्यालय फोडले. ती त्या वेळी परगावी होती म्हणून वाचली. लिहिणे मात्र तिने थांबवले नाही. २०२० साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, पुलित्झर मंडळाने तिच्या कामाचा गौरव केला.

दुसरा बिल डेडमन. १९८८ साली अटलांटाच्या दैनिकात त्याने घरकर्जांवर लेखमाला लिहिली. बँकांनी सरकारला सादर केलेली कर्जांची माहिती घेतली आणि वस्तीवार मांडली. सारख्याच उत्पन्नाच्या वस्त्या असूनही गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयांच्या वस्तीपेक्षा पाचपट कर्जे जात होती. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी हात उगारला नव्हता. फक्त दरवाजा उघडत नव्हता. लेखमाला छापून होताच बँकांना त्या वस्त्यांसाठी कर्जाच्या नव्या योजना जाहीर कराव्या लागल्या.

“हा तर वर्णभेद. आपल्याकडे कुठे आहे?” असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच देऊन ठेवले आहे. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांना नाते कळले होते. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागवली. त्याआधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता. हिंदू समाज म्हणजे मजल्यांचा मनोरा, पण त्याला जिनाच नाही, असे त्यांनी पहिल्याच अंकात मांडले. इतर वृत्तपत्रांत ज्याची गल्ली येत नव्हती, त्याने स्वतःचेच पत्र काढले.

आणि काशीचे काय? तिथेही एक मराठी माणूस होता. बाबूराव विष्णु पराडकर, जन्म काशीचाच, १८८३ सालचा. हिंदी पत्रकारितेच्या थोर संपादकांत त्यांची गणना होते. १९२० साली काशीत ‘आज’ दैनिक निघाले, ते त्यांच्या हातून नावारूपाला आले. १९२५ साली वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी इशारा दिला होता की, पुढे पत्रे देखणी होतील, श्रीमंत होतील, पण त्यांतला प्राण हरवेल. आज रंगीत पानांत त्या वस्तीची बातमी शोधली की पराडकर आठवतात.

आडनाव काय म्हणालात?

आता भेद उरला नाही, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी त्याची परीक्षा घेतली. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. एक उच्चवर्णीय हिंदू नाव, एक दलित, एक मुस्लिम. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्ज उघडणाऱ्याने माणूस पाहिलाच नव्हता. आडनाव तेवढे पाहिले होते.

काशीतच १९७८ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री जगजीवनराम यांनी संस्कृत विद्यापीठात संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते गेल्यावर काहींनी तो पुतळा गंगाजलाने धुतला. देशाची फौज ज्याच्या हाताखाली, त्याच्या हाताने दगड बाटला! आणि अमृतराव घाटाच्या एका अंगाला हरिश्चंद्र घाट, दुसऱ्या अंगाला मणिकर्णिका. तिथे चितेचा अग्नी डोमाच्या हातून घ्यावा लागतो. मेल्यावर चालतो तो हात जिवंतपणी चालत नाही.

हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. गटारात मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे अजून मरत आहेत. अशा मृत्यूची बातमी बहुधा चार ओळींची असते. वायू कोणता होता ते त्यात येते. गटारात उतरणारा दर वेळी त्याच वस्त्यांतला का असतो, ते येत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली, तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांनी रोज आपला कचरा नेणाऱ्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

हे सारे पत्रकारांनी करायचे आणि आपण रविवारी चहाबरोबर वाचायचे, एवढ्यावर भागणार नाही. थोडी शोधपत्रकारिता घरीही करता येते. त्याला ओळखपत्र लागत नाही. आपल्या इमारतीच्या दोन लिफ्टपैकी कोणती कुणासाठी, हे कधी ठरले आणि कुणी ठरवले? जागा भाड्याने देताना आपण भाडे आधी सांगतो की आडनाव आधी विचारतो? कचरा न्यायला येणाऱ्या ताईने उन्हाळ्यात पाणी मागितले, तर ते कोणत्या पेल्यातून जाते, आणि तो पेला नंतर कुठे ठेवला जातो?

मी हे प्रश्न आधी माझ्याच घरात विचारले. ओट्याखाली, अगदी मागच्या बाजूला, कडा चेपलेला एक स्टीलचा पेला निघाला. तो तिथे कुणी ठेवला, हे घरात कुणालाच आठवेना. आता तो इतर पेल्यांबरोबर मांडणीत आहे. काल मी त्याच पेल्यातून पाणी प्यायलो. पाण्याची चव नेहमीचीच होती.