तपासणी गुप्त, पण विम्याचं पत्र उघडं

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना आपण 'गुप्तरोग' म्हणतो आणि तपासणीही टाळतो. अमेरिकेत आल्यावर धास्ती आणखी वाढते. कंपनीला कळेल का? व्हिसाचं काय होईल? मंडळातलं कुणी क्लिनिकमध्ये भेटलं तर?

पहिल्या दोन शंकांवर दिलासा आहे. 'हिपा' कायद्यामुळे डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय रिपोर्ट कंपनीला देऊ शकत नाहीत. एचआयव्ही आहे म्हणून देशात प्रवेश नाकारण्याचा नियम जानेवारी २०१० मध्येच रद्द झाला. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत सिफिलिस आणि गनोरिया आजही बघतात, पण उपचार पूर्ण केले की अडचण राहत नाही.

खरी गळती घरातच होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माहिती बहुतेक वेळा कुलूप फोडून जात नाही, ज्याच्याकडे किल्ली असते त्याच्यापर्यंत आपोआप पोचते, हे आम्ही रोज बघतो. तपासणी झाली की विमा कंपनी कुठल्या डॉक्टरकडे गेलात, खर्च किती झाला याचं पत्रक काढते आणि ते बऱ्याचदा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला जातं. आपल्या अनेक घरांत पॉलिसी नवऱ्याच्या नोकरीतली आणि पासवर्डही त्याच्याकडेच. एच-४ व्हिसावरच्या बायकोने तपासणी करून घेतली, तर ती बोलायच्या आधीच पत्रक बोलतं. संसर्ग नवऱ्याकडून आलेला असला, तरी जाब तिलाच द्यावा लागतो. आईवडिलांच्या विम्यावर असलेल्या कॉलेजातल्या मुलामुलींचंही तेच.

यावर उपाय आहेत. पत्रकामुळे आपल्याला धोका होऊ शकतो असं लेखी कळवलं, तर विमा कंपनीला पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर करावा लागतो. अनेक काउंट्यांच्या आरोग्य विभागांच्या क्लिनिकमध्ये विमा न दाखवता, फुकट किंवा कमी पैशांत तपासणी होते. एचआयव्हीची घरी करायची चाचणी २०१२ पासून औषधाच्या दुकानात मिळते. काही आजार निघाले तर आरोग्य विभागाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, हेही माहीत असावं. पण जोडीदाराला सावध करताना तो विभाग तुमचं नाव सांगत नाही.

भीतीपोटी थांबणं महागात पडतं. क्लॅमिडियाची बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत. औषधाने तो बरा होतो, पण अंगावर काढला तर बाईला पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. गरोदरपणातला सिफिलिस बाळापर्यंत पोचतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं आरोग्याचं खातं आणि त्याचा पासवर्ड स्वतःचा असावा. यात अविश्वास कसला? बँकेचं खातं वेगळं असतंच ना! आणि तिकडच्या आईबाबांनो, लेकीच्या बॅगेत मेतकूट-मसाले भरताना एवढं तिच्या कानावर जरूर घाला.