जुना पीसी कुणाच्या वाट्याला?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशिनशॉपमध्ये बिलं, ड्रॉइंग, जीएसटी सगळं पीसीवरच चालतं. तिथे नवा पीसी आला, की जुना कामगाराच्या नाहीतर मालकाच्या घरी जातो. आणि घरात? चांगला लॅपटॉप भावाला, उरलेली पेटी बहिणीला. त्याच पेटीवर ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, आधार आणि बँकेचे कागद ठेवते. मुलींच्या शिक्षणावर सभा घेणाऱ्या आपल्या चळवळीने याकडे बघायला हवं.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभरचे संगणक अडकवले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. खरं तर त्यावरचं अपडेट दोन महिने आधीच आलं होतं. अनेकांनी ते टाकलंच नव्हतं.

म्हणून आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. मग ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. टीपीएम कधी कधी बायोसमध्ये नुसतं बंद असतं, तेही पाहा. पीसी बसत असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर ११ फुकट मिळतं. बसत नसेल तर घरगुती पीसीची सेटिंग्जमधून नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील.

पुढे काय? लिनक्स मिंट. फुकट आहे, जुन्या पीसीवर चालतं. ब्राउझर, लिबरऑफिस, मराठी-उर्दू टायपिंग सगळं होतं. टॅली किंवा कारखान्याचं कॅड त्यावर सरळ चालत नाही, हे मान्य. पण बारावी सायन्सच्या मुलीला टॅली कशाला लागते?

काही जण थोड्या पैशांत ‘क्रॅक’ विंडोज टाकून देतात. त्या क्रॅकसोबत आणखी काय आलं, ते कळत नाही. शिवाय हरामाचा पैसा नको म्हणणारे आपण चोरीच्या सॉफ्टवेअरला मात्र चोरी म्हणत नाही!

कोल्हापुरात १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. त्या शहरातल्या कार्यकर्त्यांनी एक रविवार मोहल्ल्यात पेनड्राइव्ह घेऊन बसावं. मिंट टाकताना माउस तिच्याच हातात द्यावा, आणि पासवर्डही तिनेच ठरवावा.