विश्लेषण : जुन्या गाडीची पुढची स्प्रिंग घरी बदलावी का?

पुणे-सोलापूर महामार्गावर इंधनाच्या टँकरमागून लोणी काळभोरपर्यंत यायचे आणि गावात शिरताच गतिरोधकांवर आपटायचे, हे काम जुनी मारुती ८०० किंवा इंडिका वर्षानुवर्षे करते. मग एक दिवस गाडी पुढून एका बाजूला झुकलेली दिसते. स्प्रिंगचा वेढा तुटलेला असतो. नवी स्प्रिंग दुकानात मिळते, मोबाइलवर व्हिडिओ सापडतो आणि रविवार मोकळा असतो. विहिरीची मोटारही घरीच खोलणाऱ्या भागात ‘मजुरी कशाला द्यायची?’ असे वाटणे साहजिक आहे.

पण यातले अर्धेच काम घरचे आहे. स्ट्रट गाडीतून काढावा. त्यावरची स्प्रिंग मात्र घरी सोडवू नये.

या दोन्ही गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवती स्प्रिंग बसवलेली असते आणि वरच्या माउंटिंगमधल्या एका नटने ती दाबून धरलेली असते. जॅक लावून चाक हवेत लोंबले तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही. फसगत होते ती इथेच. हिशेब करून पाहा : १ सेंटिमीटर दाबायला २० किलोचा जोर घेणारी स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबली, तर तिला धरून ठेवायला ३०० किलोचा जोर लागतो. ती निसटली तर बसणारा दणका साधारण २२ किलोचे पोते एक मीटरवरून पडावे एवढा, तोही तोंडासमोर. दोन आकड्यांचा स्वस्त कॉम्प्रेसर तिरका झाला की आकडा घसरतो. तारेने किंवा दोरीने स्प्रिंग बांधण्याच्या जुगाडाबद्दल तर बोलायलाच नको. गॅरेजमधला पक्का बसवलेला प्रेस स्प्रिंगला सरळ आणि सावकाश दाबतो. मजुरी त्याचीच द्यायची.

घरच्या कामालाही शिस्त हवी. अंगणातल्या मुरमात जॅक रुततो, त्यामुळे सपाट, टणक जागा निवडावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलल्यावर ती जॅकच्या भरवशावर ठेवू नये. चासीच्या मजबूत जागी लोखंडी स्टँड द्यावा. विटा तर मुळीच नकोत, त्या न सांगता फुटतात. ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून आधी सोडवावा. खालच्या बोल्टची जागा रंगाने खुणावून ठेवावी आणि हब तारेने बांधावा, म्हणजे पाइपावर ताण येत नाही. बोनेटखाली फक्त कडेचे नट काढायचे. मधल्या नटाला पान्हा लावायचा नाही, सैल करून पाहण्यापुरताही नाही.

मग दोन्ही बाजूंचे स्ट्रट घेऊन गॅरेज गाठावे. एकच स्प्रिंग बदलून पैसे वाचतात, पण नवी उंच आणि जुनी बसकी राहून गाडी पुन्हा तिरकी दिसते. माउंटिंगचे रबर आणि बेअरिंग खराब असेल तर त्याच वेळी बदलावे. नंतर पुन्हा सगळे खोलावे लागते. घरी बसवताना स्प्रिंगचे टोक खाचेत बसले आहे का, ते पाहावे. चाकाचे नट शेवटी जमिनीवर घट्ट करावेत, थोडे चालवून पुन्हा तपासावेत आणि महामार्गावर नेण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.