तीन पत्तीचा डाव आणि दोन जुन्या बंदुका

तीन पत्तीचा डाव ठाऊक नाही असे गाव आपल्याकडे शोधून सापडायचे नाही. दिवाळीत घरच्या ओसरीवर मांडलेला असो की जत्रेत तंबूच्या मागे, त्याचा शेवट काय होतो तेही सर्वांना ठाऊक आहे. या खेळाचा इंग्रज भाऊबंद म्हणजे ‘ब्रॅग’. हातात तीनच पाने, तशीच चाल आणि तसाच शेवट. आज ज्या चित्रपटाची गोष्ट सांगणार आहे, तो या ब्रॅगच्या एका डावावर उभा आहे. नाव लांबलचक आहे : ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’. लॉक म्हणजे बंदुकीचे बार उडवणारे यंत्र, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता आणि बॅरल म्हणजे नळी. ही तिन्ही नावे एका दमात घेतली की इंग्रजीत त्याचा अर्थ ‘झाडून सगळे’ असा होतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला. दिग्दर्शक गाय रिची, आणि त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट.

गोष्ट लंडनमधल्या चार मित्रांची. एक स्वयंपाकी आहे, एक रस्त्यावर पेटी मांडून चोरीचा माल विकतो, बाकीचेही असेच इकडचे तिकडे करणारे. त्यातला एडी पत्त्यांत तरबेज. चौघे २५-२५ हजार पौंड काढतात, १ लाख जमवतात आणि एडीला हॅरी नावाच्या गुंडाच्या डावावर बसवतात. डाव अर्थातच खोटा आहे. एडीची पाने वरून कॅमेऱ्यातून दिसत असतात आणि हॅरीच्या पायाला बांधलेल्या यंत्रावरून त्याला खूण मिळत असते. खरी मेख पुढे आहे. एडीजवळचे पैसे संपतात, तेव्हा पुढच्या चालीसाठी त्याला उसने देणारा कोण? समोर बसलेला हॅरीच. डाव उठतो तेव्हा पोराच्या डोक्यावर ५ लाख पौंडांचे कर्ज असते आणि मुदत असते एका आठवड्याची.

वाचकहो, हॅरीचा डोळा या पैशावर नसतोच. एडीच्या बापाचा एक बार आहे, तो हॅरीला हवा आहे. पोराच्या नावावर फेडता न येणारा आकडा चढवायचा म्हणजे बापाची जागा आपोआप हाताखाली येते. सातबाऱ्यावर बोजा कसा चढतो आणि तो चढवणाऱ्याचे लक्ष नेमके कुठल्या बांधावर असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भाग कोणी समजावून सांगायला नको. बापाचे काम स्टिंग या प्रसिद्ध गायकाने केले आहे. निरोप घेऊन हॅरीचा माणूस येतो, तेव्हा हा बाप पोराची कड घेऊन रडत नाही आणि जागाही सोडत नाही. प्रसंग अगदी लहान आहे, पण साऱ्या चित्रपटाचे वजन तिथे आहे असे मला वाटते. बार गेला असता तर पुढची धावपळ झालीच नसती.

धावपळ मात्र अशी होते की पाहणाऱ्याला श्वास घ्यायला सवड नाही. चौघांच्या शेजारच्या खोलीत एक दरोडेखोरांची टोळी राहते. गांजा पिकवणाऱ्या काही पोरांना लुटायचा त्यांचा बेत भिंतीतून ऐकू येतो. चौघे ठरवतात की त्यांनी लुटून आणले की आपण त्यांना लुटायचे. गांजावाली पोरे म्हणजे चांगल्या घरातली, पण कामाच्या नावाने बोंब. पैसे मोजायचे यंत्र आणायला पाठवलेला त्यांच्यातला एक जण सहा तासांनी परत येतो तो खताची गोणी घेऊन. बाजारहाटाला पाठवलेला माणूस भलतेच काही घेऊन आला असा अनुभव कोणत्या घरात नाही? चौघे लूट मारतात खरी, पण तो गांजा विकायला जातात नेमके त्याच्या मूळ मालकाकडे! या सगळ्यात दोन जुन्या, फार किमती बंदुका एका वाड्यातून चोरीला जाऊन हातोहात फिरत राहतात. ज्याच्या हाती त्या असतात, त्याला त्यांची किंमत ठाऊक नसते.

आपल्या वगनाट्यात एकाचा समज वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि खरे काय ते फक्त पुढे बसलेल्या मंडळींना ठाऊक असते. रिचीने तीच तऱ्हा घेतली आहे. फरक वेगाचा. चित्र मध्येच थांबते, मध्येच पळते, रंग पिवळट-तपकिरी, आणि पावणेदोन तासांत चार टोळ्यांचा हिशेब उरकतो. पहिल्या अर्ध्या तासात कोण कोणाचा हे उमगत नाही. घाबरू नका, तिथे सगळेच गोंधळलेले असतात.

नटही बहुतेक नवे घेतले होते. वसुली करणाऱ्या बिग ख्रिसचे काम व्हिनी जोन्स या फुटबॉलपटूने केले. १९८८ साली एफ. ए. कप जिंकणाऱ्या विंबल्डन संघातला हा गडी मैदानावरही दांडगा म्हणूनच गाजलेला. चित्रपटात तो वसुलीला जाताना आपल्या लहान मुलाला बरोबर नेतो, आणि मुलासमोर कोणी शिवी दिलेली मात्र त्याला खपत नाही. प्रेक्षकांना सर्वांत आवडला तो हाच. रस्त्यावर माल विकणाऱ्या मित्राच्या कामासाठी घेतलेला जेसन स्टॅथम खरोखरच पूर्वी रस्त्यावर अत्तरे आणि दागिने विकत असे. पुढे तो हॉलिवूडमधला मारधाडीचा मोठा नट झाला.

प्रदर्शनाआधी या चित्रपटाला वितरक मिळणेही जड गेले होते. खर्च सुमारे १० लाख पौंडांच्या आतला. लागल्यावर मात्र ब्रिटनमध्ये त्याने खर्चाच्या कितीतरी पट कमाई केली आणि ‘बाफ्टा’ या तिथल्या मानाच्या पुरस्कारांत प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कारही पटकावला. जाणकारांचे मत दुभंगलेले होते. काहींना त्यातला जोम आवडला, काहींनी तक्रार केली की मरणाचा विनोद करून गुंडांना रुबाबदार बनवले आहे. बायका तर चित्रपटात जवळजवळ नाहीतच. एक लक्षात राहते, ती नशेत कोचावर पडून असते आणि ऐनवेळी उठून मशिनगन चालवते, एवढेच.

तक्रार मला निम्मी पटते. गुंड एकमेकांना मारतात तेव्हा हसू येते, कारण प्रत्येक जण आपल्याच लबाडीच्या खड्ड्यात पडत असतो. पण रस्त्यावर गाड्यांना दंड लावणारा एक साधा नोकरदार यांच्या तावडीत सापडतो आणि बिचारा निष्कारण मार खातो. तिथेही हशा पिकतो. मला तिथे हसता आले नाही, आणि तुम्हालाही येईल असे वाटत नाही. बाकी या चित्रपटात पैसा हातोहात फिरतो आणि बहुतेकांच्या हातात टिकत नाही, हे मात्र त्याने कोठेही लपवलेले नाही.

यश मिळाल्यावर ब्रिटनमध्ये अशा चित्रपटांची लाटच आली, आणि त्यातले बहुतेक विस्मरणात गेले. रिचीने स्वतः २००० साली ‘स्नॅच’ काढला. त्यात ब्रॅड पिट हा अमेरिकेतला बडा नट घेतला आणि त्याच्या तोंडी अशी बोली घातली की इंग्रजांनाही ती कळू नये. तिकिटे पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त खपली, पण तीच भाजी पुन्हा गरम करून वाढली, असे कित्येक समीक्षकांनी म्हटले. मला विचाराल तर पहिलाच सरस. त्यात कर्ज आहे, म्हणून धावण्याला कारण आहे. ‘स्नॅच’मध्ये एका मोठ्या हिऱ्यामागची पळापळ तेवढी आहे.

आता तुमच्या ओळखीचा भाग सांगतो. २००६ साली आलेला ‘फिर हेरा फेरी’ हा हिंदी चित्रपट तुम्ही पाहिलाच असेल. बाबूराव गणपतराव आपटे आपल्या घराघरांत पोचले आहेत. त्या चित्रपटातले गुंडाचे देणे, शेजारच्या टोळीचा माल पळवणे, किमती जुन्या बंदुका आणि शेवटी पुलावर लोंबकळत तोंडात फोन धरलेला राजू, हे सगळे या इंग्रजी चित्रपटातून उचललेले आहे. पण आपल्या लेखकाने एक बदल केला आणि तो मला फार मार्मिक वाटतो. तिकडे पोरे पत्त्यांत बुडतात. इकडे राजू, श्याम आणि बाबूराव थोड्या दिवसांत दामदुप्पट देणाऱ्या कंपनीत बुडतात. जुगाराच्या अड्ड्यापेक्षा अशा कंपन्यांनी आपल्याकडची किती घरे बसवली, हे लेखकाला नेमके ठाऊक होते. गावातल्या प्रेक्षकाला तो चित्रपट इतका आपला वाटला, त्याचे एक कारण हे असावे.

ब्रिटनमध्ये या चित्रपटाला १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी असा दाखला होता. रक्त आहे, नशा आहे आणि शिव्यांना गणती नाही. तेव्हा मुलाबाळांना घेऊन घरात बसून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर पाहत असेल तर ओरडू नका, शेजारी बसा आणि डावाचा प्रसंग तेवढा त्याच्याबरोबर नीट पाहा. हॅरी कोणत्या क्षणी पैसे पुढे सरकवतो, ते बघण्यासारखे आहे.

आणि बोली कळत नाही म्हणून खट्टू होऊ नका, खाली अक्षरे लावून घ्या. पूर्व लंडनच्या लोकांची यमके जुळवून बोलण्याची एक आडभाषा आहे. चित्रपटात एक जण त्या भाषेत दारूच्या गुत्त्यातला एक किस्सा सांगू लागतो, तेव्हा दिग्दर्शकाने खुद्द इंग्रजांसाठी इंग्रजी बोलण्याखाली इंग्रजीतच अर्थ लिहून दिला आहे.