दुसरी गाडी कोणाची?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की घरात आपल्याला एक पद आपोआप मिळतं. मिक्सर बंद पडला, बोलवा तिला. इन्व्हर्टर टूं टूं करतोय, विचारा तिला. आणि त्यात ब्रँच मेकॅनिकल असली तर मग बघायलाच नको! मामा, काका, शेजारचे, सगळ्यांचा एकच प्रश्न : "जुनी गाडी घ्यायचीय. पेट्रोल घेऊ की डिझेल?" आपल्या सिलॅबसमध्ये ऑटो सायकल आहे, डिझेल सायकल आहे, पी-व्ही डायग्राम तर पाठच आहेत. पण "साडेतीन लाखांत घरची दुसरी गाडी कोणती घ्यावी" हा प्रश्न अजून एकाही पेपरात आलेला नाही. म्हणून म्हटलं, आपणच सोडवून बघूया. प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. साडेतीन लाख म्हणजे आपल्यातल्या कित्येकांची पूर्ण डिग्रीची फी असते.

आपल्या नाशिककडे डिझेलला एक वेगळाच मान आहे. निफाड-दिंडोरीकडच्या घरात ट्रॅक्टर डिझेलवर, द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर त्याच ट्रॅक्टरवर, आणि वीज नसेल तेव्हा विहिरीवरचं इंजिनही डिझेलचंच. इकडे शहरात सातपूरला मायकोचा कारखाना. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण आपण अजूनही मायको सर्कलच म्हणतो. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनत आले. नोझलच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक, आणि त्यांतून डिझेल फवारायचं १,००० बारच्या वरच्या दाबाने, नव्या इंजिनांत तर २,००० बारपर्यंत. कारच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, म्हणजे विचार करा! ज्या गावाची चूल डिझेलवर पेटली, तिथे डिझेलविरुद्ध बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. घरातली *दुसरी* गाडी, तीही जुनी घ्यायची असेल, तर बहुतेक घरांनी पेट्रोलच घ्यावी.

आधी डिझेलची बाजू नीट मांडते, नाहीतर ऑटोमोबाईलवाले मेसमध्ये जेवू द्यायचे नाहीत. डिझेल इंजिन हवा पंधरा ते वीस पट दाबतं, पेट्रोल इंजिन नऊ ते अकरा पट. जास्त दाब म्हणजे जास्त एफिशियन्सी. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते. आणि टॉर्क! पुस्तकात त्याला मराठी शब्द असेलच, पण गॅरेजवाले त्याला "ओढ" म्हणतात आणि मला कॉन्व्हेंटवालीला तोच शब्द जास्त आवडतो. जुन्या स्विफ्टचंच बघा. १.३ लिटर डिझेलला १९० न्यूटन मीटरची ओढ २,००० आरपीएमलाच मिळायची, तर १.२ लिटर पेट्रोलला ११५ च्या आसपास, तीही ४,००० ला. पाच माणसं, एसी चालू आणि समोर कसारा घाट, की हा फरक पोटात कळतो. एक गाडी सरळ चढते, दुसरी गिअर मागत राहते.

मग पेट्रोल कशासाठी? कारण डिझेल "स्वस्त" ही गोष्ट आपल्या डोक्यात २०१२ मध्येच थांबलीये. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये होतं आणि डिझेल ४१ च्या आत. लिटरमागे ३२ रुपये फरक! अशा वेळी डिझेल घेणारा शहाणाच. पण जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने त्याची किंमत मोकळी केली आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलच्याही वर गेलं. २०२५ मध्ये नाशिकच्या पंपावर पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ च्या आसपास होतं. फरक उरला १३ रुपयांचा. कंपन्यांना हे केव्हाच कळलं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. आपले काका मात्र अजून त्या ३२ रुपयांवरच अडून बसलेत.

आता हिशोब. आमच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. पहिली गाडी डिझेलची, ती बाबांबरोबर शेतावर आणि हायवेवर असते. दुसरी घ्यायचीय ती आईसाठी. मी आईला म्हटलं, महिनाभर तू रिक्षाने, स्कूटीने, कशानेही कुठे कुठे जातेस ते कॅलेंडरवर लिही. बँक, भाजी, धाकट्याचा क्लास, आजीची फिजिओथेरपी. बेरीज झाली ३८० किलोमीटर. वर्षाचे साडेचार हजार, आणि मुंबई-पुण्याच्या दोन-तीन चकरा धरून साडेपाच हजार.

समजा पेट्रोल गाडी १५ चं ॲव्हरेज देते, डिझेल १९ चं. १०४ भागिले १५ म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे. ९१ भागिले १९ म्हणजे ४ रुपये ७९ पैसे. फरक २ रुपये १४ पैसे. साडेपाच हजार किलोमीटरला वर्षाकाठी वाचले पावणेबारा हजार. डिझेलच्या सर्व्हिसिंगला वर्षाला चार हजार जास्त धरा. उरले पावणेआठ हजार. तशीच डिझेल गाडी घेताना साठ हजार जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेसात वर्षांच्या वर लागतील! गाडी घेतानाच आठ वर्षांची असेल तर तोपर्यंत तिचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलेलं असेल, आणि पुढे रिन्युअल, फिटनेस, पर्यावरण कर. हाच हिशोब वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचा केला, सर्व्हिसिंगचे जादा आठ हजार धरले, तरी दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. म्हणजे डिझेल वाईट नाही, रनिंग नसेल तर ते वाया जातं.

कोणी म्हणेल, पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्याचं काय? रास्त प्रश्न. २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के कमी होईल असं म्हटलंय. म्हणून १५ ऐवजी १४ धरा. तरी साठ हजार वसूल व्हायला पावणेसहा वर्षं लागतात. उत्तर बदलत नाही. फक्त जुनी पेट्रोल गाडी घेताना इंधनाचे रबरी पाईप आणि सील तपासून घ्या.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वापराची. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. गंगापूर रोड ते शालिमार आणि परत, दर चौकात सिग्नल, यात ते कधी होणार? मग दिवा लागतो, गाडी ताकद सोडते आणि आईला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. जुन्या बीएस-४ गाडीत बहुधा तो फिल्टर नसतो. पण मग ती काजळी आपल्या नाकात. डिझेलच्या धुरामुळे कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केलंय.

आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मुळात डिझेल गाडी घेतली कोणी होती? ज्याचं रनिंग जास्त त्याने. म्हणजे सेकंड हॅण्ड बाजारात येणारी डिझेल गाडी बहुतेक वेळा भरपूर पळलेली असणार. आठ वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर ४० हजार? मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस रेकॉर्ड मागा. टर्बो, इंजेक्टर, क्लच एकदम काढले तर वाचवलेलं सगळं एका बिलात जातं. दिल्ली पासिंगच्या "स्वस्त" डिझेल गाड्यांचंही तेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. एनओसी आणि इथला टॅक्स धरून किंमत काढा, मग बोला स्वस्त.

राहिला कम्फर्ट. आपल्याकडे कम्फर्ट म्हणजे चालवणाऱ्याचा पिकअप! दुसऱ्या गाडीत बसणार कोण? गुडघे दुखणारी आजी. तिला सीटची उंची अशी हवी की खाली वाकावं लागणार नाही आणि वर चढावंही लागणार नाही. सिग्नलला उभं असताना सीट थरथरायला नको. आईला हलका क्लच हवा. यातलं काहीही ॲव्हरेजच्या आकड्यात दिसत नाही. आणि गंमत म्हणजे गाडी बघायला घरातून जातात कोण? बाबा, काका आणि त्यांचा ओळखीचा मेकॅनिक. जिची गाडी ती घरी, चहा ठेवायला.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत कोणी तुम्हाला "पेट्रोल की डिझेल" विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. उलट विचारा : गाडी कोणासाठी, आणि ती व्यक्ती महिन्याला किती किलोमीटर फिरते? रोज सिन्नर-घोटी करणारा असेल तर खुशाल डिझेल सांगा. पण ती आई असेल तर महिनाभर कॅलेंडरवर लिहायला सांगा, आणि टेस्ट ड्राइव्हला तिलाच पुढे बसवा. स्टिअरिंगवर. आजीला मागे.