आम्हाला 'झेपत' नाही म्हणे!

मी समीक्षक वगैरे नाही. तिकीट काढून पिक्चर बघणारा साधा माणूस. पण "गावाकडच्या लोकांना गंभीर सिनेमा झेपत नाही, त्यांना कॉमेडी आणि मारामारीच लागते" असं कुणी म्हणालं की डोकंच फिरतं.

आमच्या कासुर्डीत थेटर नाही. सोलापूर रस्त्याने हडपसर गाठायचं. 2016 साली 'सैराट'ला असेच गेलो होतो. झिंगाटवर नाचणारी पोरं शेवटी चिडीचूप! पडद्यावर संगीतसुद्धा नाही, नुसती त्या लेकराची रक्तातली पावलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

हीच पोरं 1988चा 'अशी ही बनवाबनवी' कितव्यांदा तरी बघून खो खो हसतात. मग? हसणाऱ्याला अक्कल नसते का? (आणि असं हसवणं सोपं असतं, हे तरी कुणी सांगितलं?) आई 'माहेरची साडी' बघून ढसाढसा रडली होती. मला तो अजिबात आवडत नाही, पण असो.

2015 साली 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बघायचाच होता. शो कधी? तर कामाच्या दिवशी, भर दुपारी! ऊसतोड सोडून कोण जाणार? वर रिकाम्या खुर्च्या मोजून म्हणायचं, मराठीला प्रेक्षकच नाही.

पुढे कधीतरी मोबाईलवर बघितला. जरा संथ वाटला, खरं सांगतो. पण तो शेवटचा, सुट्टीवर गेलेला जज्ज अजून डोक्यातून जात नाही.